पावलांपासून सुरू होणारा नट

चर्चमध्ये अंत्यविधी चालू आहे. डी'अ‍ॅस्कॉइन या इंग्रज उमराव घराण्यातली मंडळी जमली आहेत. ड्यूक आहे, बँकेचा मालक आहे, लष्करातला जनरल आहे, आरमारातला अ‍ॅडमिरल आहे, रटाळ प्रवचन देणारा म्हातारा पाद्री आहे आणि बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी करारी लेडी अगाथाही आहे. सहा माणसं एकाच वेळी पडद्यावर दिसतात आणि सहाही भूमिका एकाच नटाच्या आहेत. नटाचं नाव अ‍ॅलेक गिनेस. चित्रपट 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', साल १९४९.

संगणकावर माणसं जोडायची सोय यायला अजून काही दशकं होती. मग हे केलं कसं? कॅमेरामन डग्लस स्लोकोमने कॅमेरा एका जागी पक्का बसवला. भिंगापुढे सपाट काच लावली आणि ती काळ्या रंगाने झाकली. एका वेळी एकाच पात्रापुरती खिडकी उघडी ठेवायची. गिनेसने ड्यूक म्हणून बसायचं, तेवढा भाग चित्रित करायचा, मग फिल्म उलटी गुंडाळून नेमकी पहिल्या चौकटीवर आणायची. ती खिडकी झाकायची आणि शेजारची उघडायची. तोवर गिनेस रंगपटात जाऊन ड्यूक पुसून अ‍ॅडमिरल होऊन यायचा. एकाच फिल्मवर असे थरावर थर चढत गेले. मधे कॅमेरा केसभर जरी हलला असता, तरी दोन गिनेसांच्या मधोमध फट दिसली असती आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती. रात्री कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्लोकोम स्टुडिओत कॅमेऱ्याजवळच झोपला. (हाच स्लोकोम तीसेक वर्षांनी 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'चा कॅमेरामन होता.)

पण या युक्तीने फार तर सहा आकृत्या एका चौकटीत बसतात. त्या सहा वेगळ्या माणसांच्या आहेत असं आपल्याला का वाटतं, हे त्यातून उलगडत नाही. या चित्रपटात गिनेसच्या एकूण आठ भूमिका आहेत. आधी त्याला चारच देऊ केल्या होत्या, आठही त्याने स्वतः मागून घेतल्या. आठही जण मरतात: कुणी नदीच्या बंधाऱ्यावरून वाहून जातं, कुणी बुडत्या जहाजाबरोबर जातं. लेडी अगाथा तर आकाशातल्या फुग्यातून खाली येते, कारण खुन्याने तो बाणाने फोडलेला असतो. मी हा चित्रपट कितीही वेळा पाहिला तरी त्या मरणाऱ्यांमध्ये मला एकच माणूस दिसत नाही. मिशा, टोप, रंग यांनी माणूस फार तर झाकला जातो. इथे प्रत्येक वेळी वेगळा माणूस उभा राहतो, आणि तो कुठून येतो याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

गिनेसचा जन्म २ एप्रिल १९१४चा, लंडनच्या मेडा व्हेल भागातला. आई अ‍ॅग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती आणि ती कधीच भरली गेली नाही. आईने पुढे स्टीव्हन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, तेव्हा पोराचं आडनाव बदललं. ते लग्न टिकलं नाही. चौदाव्या वर्षापर्यंत या मुलाने तीन आडनावं वापरली होती. पुढे नटाने हजार नावं लावली त्याचं मूळ इथे शोधायचा मोह होतो. मला ते फार सोपं उत्तर वाटतं. बापाचं नाव नसलेली मुलं लंडनमध्ये त्या काळी थोडी नव्हती, गिनेस मात्र एकच झाला.

शाळा संपल्यावर तो एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायला लागला. डोक्यात नाटक होतं, खिशात काही नव्हतं. त्याने थेट त्या काळचा सर्वांत चमकता नट जॉन गिलगुड याच्याशी संपर्क साधला. गिलगुडने त्याला मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकायला पाठवलं. काही शिकवण्या झाल्यावर बाईंनी स्पष्ट सांगितलं, तू नट होणार नाहीस. पोरगं हटलं नाही. फे कॉम्प्टनच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळवून शिरलं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला बक्षीस ठरवणाऱ्यांत गिलगुड होता आणि ते बक्षीस गिनेसला मिळालं. विसाव्या वाढदिवशी त्याने व्यावसायिक रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं. त्या कामात बोलायला काही नव्हतं. त्याच वर्षी दुसऱ्या एका नाटकात त्याच्या वाट्याला तीन कामं आली: चिनी हमाल, फ्रेंच चाचा आणि इंग्रज खलाशी. आठ भूमिकांचा सराव असा पंधरा वर्षं आधीच सुरू झाला होता. वर्ष संपायच्या आत गिलगुडने त्याला आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑसरिकचं काम दिलं, आणि १९३८ साली ओल्ड व्हिक रंगमंचावर, आजच्या कपड्यांतल्या 'हॅम्लेट'मध्ये, चोवीस वर्षांचा गिनेस स्वतःच हॅम्लेट होता.

मार्टिटा हंट त्याच्या आयुष्यात परत आली. १९३९ साली गिनेसने डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं नाटक केलं. रूपांतर त्याचंच, त्यात तो हर्बर्ट पॉकेट झाला आणि मिस हॅव्हिशम झाली मार्टिटा हंट. प्रेक्षकांत डेव्हिड लीन नावाचा चित्रपट जोडणारा एक तरुण होता. सात वर्षांनी त्याच कादंबरीवर लीनने चित्रपट काढला तेव्हा याच दोघांना त्याच भूमिकांत घेतलं. गिनेस आणि लीन यांची जोडी, भांडणांसकट, पुढे जवळजवळ चाळीस वर्षं चालली.

मधे युद्ध आलं. गिनेस नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला आणि अधिकारी होऊन सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका जहाजाचा प्रमुख झाला. जुलै १९४३मध्ये सिसिलीवरच्या हल्ल्यात वेळ पुढे ढकलल्याचा निरोप त्याच्या जहाजाला मिळाला नाही, त्यामुळे त्याने आपली माणसं ठरल्या वेळी, म्हणजे बाकीच्यांच्या आधी, किनाऱ्याला लावली.

युद्धानंतर लीनने 'ऑलिव्हर ट्विस्ट' काढायला घेतला. पोरांना चोरीला लावणारा म्हातारा फॅगिन आपण करू, असं गिनेसने सांगितलं तेव्हा लीनला ते पटेना. तिशीतला, गोल गुळगुळीत चेहऱ्याचा हर्बर्ट पॉकेट फॅगिन कसा होणार? गिनेसने चाचणीपुरता एक दिवस मागितला आणि पूर्ण रंगरूप करून आला. लीनने लगेच होकार दिला. तो मुखवटा रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्नने घडवला होता, डिकन्सच्या मूळ पुस्तकातली क्रुकशँकची चित्रं समोर ठेवून. या फ्रीबॉर्नचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कामगिरी थक्क करणारी आहे आणि तरीही तिचा त्रास होतो. ते लांबलचक नाक ज्यूंची टिंगल करणाऱ्या जुन्या चित्रांतून आलेलं होतं, आणि छळछावण्या मुक्त होऊन तीनच वर्षं झाली होती. १९४९ साली बर्लिनमध्ये त्या छावण्यांतून वाचलेल्या ज्यूंनी चित्रपटगृहासमोर निदर्शनं केली, दंगल झाली. अमेरिकेत चित्रपट १९५१मध्ये लागला, तोही कात्री लावून. कलाकुसरीची कमाल आणि विवेकाची चूक एकाच चेहऱ्यावर बसू शकतात. गिनेसच्या कारकिर्दीत ही गोष्ट पुन्हा येते, आणि ती थेट आपल्या दारापर्यंत येते. ते पुढे सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे. गिनेसला पात्र सापडायचं ते पायांत. माणूस कसा चालतो हे कळलं की बाकीचा माणूस त्यामागून येतो, अशी त्याची धारणा होती. तो रस्त्यावर अनोळखी लोकांच्या मागोमाग चालायचा आणि त्यांची पावलं आपल्या पायांत उतरवायचा. ज्यांनी पात्राच्या मनापासून सुरुवात करायला शिकवलं त्या शाळांच्या बरोबर उलटी ही वाट. ऐकायला वरवरची वाटते. ती किती खोल जाते हे पाहायचं असेल तर 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला एकच प्रसंग पुरेसा आहे.

चित्रपट १९५७चा, चित्रीकरण श्रीलंकेतलं. गिनेस कर्नल निकल्सन आहे, जपान्यांच्या कैदेतला शिस्तीचा इंग्रज अधिकारी. अधिकाऱ्यांनी हमाली करायची नाही या हट्टापायी त्याला रणरणत्या उन्हात पत्र्याच्या खोक्यात कोंडतात. काही दिवसांनी दार उघडतं. निकल्सन बाहेर येतो आणि मैदान ओलांडून कमांडंटच्या खोलीकडे चालत जातो. पाय लटपटतात, गुडघे दगा देतात, पण वरचं धड ताठ आहे. अर्धं शरीर मोडलंय आणि अर्धं ते मान्य करत नाही. संवाद एकही नाही.

ही चाल गिनेसने आपल्या मुलाकडून घेतली होती. मॅथ्यू अकरा वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे तो बरा झाला, पण त्या मधल्या काळात पोरगं जसं चालायला शिकलं ते बापाने पाहिलं होतं. त्या पावलांत पोराची धडपड होती आणि पाहणाऱ्या बापाची भीतीही. कर्नलच्या चालीत दोन्ही उतरलं. गिनेसला या चित्रपटाने ऑस्कर दिलं. तो स्वतः मात्र ते मैदानभर चालणं आपल्या सगळ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम कामांत धरायचा. मी त्याच्याशी सहमत आहे. त्या प्रसंगात आपल्याला निकल्सनचा अभिमान कळतो, आणि पुढे हाच अभिमान त्याला शत्रूसाठी उत्तम पूल बांधायला लावणार आहे, हेही त्या ताठ पाठीत आधीच दिसतं.

मॅथ्यूच्या आजारपणात गिनेस घरी परतताना वाटेतल्या कॅथलिक चर्चमध्ये थांबायचा. तेव्हा तो त्या पंथाचा नव्हता. १९५४च्या 'फादर ब्राउन'चं चित्रीकरण फ्रान्समध्ये बर्गंडी भागात चालू असताना तो एका संध्याकाळी पाद्र्याच्या झग्यातच मुक्कामाकडे परतत होता. एक लहान मुलगा धावत आला, त्याने याचा हात धरला आणि फ्रेंचमध्ये बडबड करत बरोबर चालत राहिला. झगा होता म्हणजे हा पाद्री, आणि पाद्री म्हणजे विश्वासाचा माणूस. गिनेसने त्याचा गैरसमज मोडला नाही. दोन वर्षांनी, १९५६ साली, तो कॅथलिक झाला. आपण घातलेल्या पोशाखावर कुणीतरी मनापासून विश्वास ठेवला, याचा त्याच्यावर किती परिणाम झाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

त्याचं सगळंच साधलं असं नाही. १९५१ साली त्याने पुन्हा 'हॅम्लेट' केला, दिग्दर्शनातही त्याचा वाटा होता, आणि तो सपशेल पडला. पण कामांचा पल्ला पाहिला तर डोळे फिरतात. 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मध्ये तो सोनं चोरून त्याचे छोटे आयफेल टॉवर ओतणारा मवाळ बँक कारकून आहे. 'द लेडीकिलर्स'मध्ये पुढे आलेल्या दातांचा भयंकर प्रोफेसर आहे. 'द हॉर्सेस माउथ'ची पटकथा त्याने स्वतः लिहिली आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला १९५३ साली तंबूत नवा नाट्यमहोत्सव सुरू झाला, तेव्हा पहिल्या रात्रीचा तिसरा रिचर्ड तोच होता. १९६० साली लंडनच्या रंगमंचावर तो अरबस्तानातला लॉरेन्स झाला, 'रॉस' या नाटकात. दोनच वर्षांनी लीनने लॉरेन्सवर भव्य चित्रपट केला तेव्हा लॉरेन्स झाला पीटर ओटूल आणि गिनेस झाला समोरचा राजपुत्र फैसल. त्याने एकाच इतिहासाच्या दोन्ही बाजू आपल्या अंगाने भोगल्या. ब्रॉडवेवर कवी डिलन टॉमस होऊन त्याने टोनी पुरस्कार घेतला, पडद्यावर इंग्लंडचा पहिला चार्ल्स झाला, हिटलर झाला, पोपही झाला.

आणि मग 'स्टार वॉर्स'. १९७७मध्ये जगभरच्या मुलांना गिनेस सापडला तो झगा घातलेला वृद्ध ओबी-वान केनोबी म्हणून. त्याने मोबदल्यात नफ्यातला दोन टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा घेतला होता, त्यामुळे उरलेलं आयुष्य पैशाची ददात पडली नाही. संवाद मात्र त्याला भिकार वाटायचे आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांत तो तसं सांगायचा. तरी तो पडद्यावर आला की बघा, तेच संवाद जुन्या धर्मग्रंथातून आल्यासारखे वाटतात. न पटलेलं वाक्यही तो पूर्ण श्रद्धेने म्हणत होता. ज्या फ्रीबॉर्नने त्याला फॅगिनचं नाक लावलं, तोच या चित्रपटांचा रंगभूषाकार होता आणि पुढे हिरव्या म्हाताऱ्या योडाचा चेहरा घडवणाराही तोच. गिनेसने म्हातारपणी लिहिलंय की शंभराहून अधिक वेळा हा चित्रपट पाहिलेल्या एका मुलाला त्याने विनवलं, पुन्हा पाहू नकोस. मुलगा रडला, आई रागावली. गिनेसला खरोखर काळजी वाटत होती की पोरगं एका काल्पनिक जगात अडकून पडेल.

आता आपल्या दाराशी आलेली गोष्ट. १९८४ साली लीनने ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टु इंडिया'वर चित्रपट केला. त्यात गिनेस झाला प्रोफेसर नारायण गोडबोले. नावावरूनच मराठी वाचकाचे कान टवकारतात आणि ते रास्त आहे. फॉर्स्टर १९२१ साली माळव्यातल्या देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवारांचा खासगी चिटणीस होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात ती आणली. त्या उत्सवात भजनी मंडळींच्या तोंडी तुकारामाचं नाव आहे. गोडबोले हा दख्खनी ब्राह्मण. फॉर्स्टर त्याला युरोपियनासारखा गोरा रंग आणि निळसर करडे डोळे देतो. देवासमध्ये राहिलेल्या त्या लेखकाने माणसं किती बारकाईने पाहिली होती, हे अशा दोन तपशिलांत कळतं, कारण कोकणस्थांची घारी-गोरी ठेवण ज्याने पाहिली आहे तो लगेच ओळखेल.

चित्रपटात मात्र गिनेसचा रंग मेकअपने सावळा केला आहे. फॉर्स्टरचा गोडबोले करायला रंगाची गरज नव्हती. गरज होती ती त्या भाषेच्या, त्या भजनाच्या ओळखीची, आणि असे नट इथे होते. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी आणि रोशन सेठ किती सहज उभे आहेत ते पाहिलं की ही उणीव जास्त जाणवते. पावलांपासून माणूस शोधणाऱ्या नटाची हद्द इथे दिसते: चाल उसनी घेता येते, पण चालीमागची शतकं घेता येत नाहीत. गोडबोलेच्या नाचाचा प्रसंग गिनेसने मेहनत घेऊन केला होता. लीनने तो संकलनात कापला आणि या जुन्या जोडीत शेवटचं, कायमचं वितुष्ट आलं.

त्याच्या पाच वर्षं आधी त्याने जे केलं ते माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम. जॉन ल काऱ्हेची हेरकथा 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' बीबीसीने १९७९ साली सात भागांत आणली. तिचा नायक जॉर्ज स्मायली बुटका, लठ्ठ, ढगळ कपड्यांतला, बायकोने सोडलेला निवृत्त हेर. आपण तसे दिसत नाही, अशी शंका गिनेसने लेखकाला कळवली. मग त्याने खरा हेर दाखवा असं म्हटलं, तेव्हा ल काऱ्हेने ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख सर मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर जेवण ठरवलं. गिनेस जेवणभर नम्रपणे ऐकत राहिला. ओल्डफिल्ड निघाले तसा तो त्यांची पाठमोरी चाल बघायला धावला. मग त्याने लेखकाला विचारायला सुरुवात केली: ते भडक कफलिंक, सगळे हेर तसेच वापरतात का? ग्लासच्या कडेवरून बोट फिरवत होते, ते कशासाठी?

पडद्यावर यातलं उसनं काही दिसत नाही. दिसतो तो ऐकणारा माणूस. बहुतेक प्रसंगांत दुसरे बोलतात, आठवतात, खोटं सांगतात, आणि स्मायली चष्म्याआडून नुसता पाहत राहतो. आठ चेहरे लावणाऱ्या नटाने इथे एकही लावला नाही. ना नाक, ना टोप, ना दात. तरीही समोरचा माणूस कोणत्या शब्दाला खोटं बोलला हे आपल्याला स्मायलीच्या पापणीवरून कळतं.

तीन वर्षांनी 'स्मायलीज पीपल' आली आणि दोन्ही मालिकांसाठी त्याला बाफ्टा मिळाला. ५ ऑगस्ट २००० रोजी तो गेला. स्मायलीबद्दल ल काऱ्हेने या मालिकांनंतर वारंवार सांगितलं की लिहायला बसलं की कानात गिनेसचाच आवाज यायचा आणि आपण निर्माण केलेला माणूस आपल्या हातून निघून गेल्यासारखं वाटायचं. १९८३ साली त्याची पुढची कादंबरी आली, 'द लिटल ड्रमर गर्ल'. तिच्यात स्मायली नव्हता.